ढोल कुणाचा, नाव कुणाचं

उकिडवं बसायचं, टाचा उचलून भार चवड्यांवर घ्यायचा, एक पाय सटकन पुढे फेकायचा आणि तो मागे येतो न येतो तोच दुसरा. कंबर वर उचलली की बाद! मंगळागौर जागवणाऱ्या बायका याला बसफुगडी म्हणतात, आणि इरेला पडली तर साठीतली आजीसुद्धा चार फेऱ्या मारून दाखवते. हीच करामत कीव्हच्या किंवा मॉस्कोच्या रंगमंचावर घोळदार विजारी आणि पिंढऱ्या झाकणारे कातडी बूट घातलेल्या जवानांची अख्खी रांग करू लागली की प्रेक्षागृहाला बसवत नाही. तिकडे तिला जगप्रसिद्ध कला म्हणतात. इकडे मंगळागौर संपली की विषय संपतो.

तो नाच म्हणजे युक्रेनचा गोपाक. त्रेपाक हा त्याचा जवळचा भाऊबंद. कामारिन्स्काया आणि बारिन्या या खास रशियन खेड्यांतल्या चाली. चौघांचा ताल द्रुत, लय चढती, आणि चौघांतही नाचणाऱ्याला आपली हिकमत दाखवायला मोकळं रान. मराठी माणसाने हे सगळं पाहिलं ते सुट्या सुट्या तुकड्यांत. सोव्हिएत प्रकाशनांच्या गुळगुळीत कागदावरच्या बालपुस्तकांनी, ज्यांतली अनेक अनिल हवालदारांनी मराठीत आणली, मराठी मुलांना भरतकामाचे सदरे आणि उंच बूट ओळखीचे केले. १९७० च्या ‘मेरा नाम जोकर’मध्ये सोव्हिएत सर्कस आली. चायकोव्हस्कीच्या १८९२ च्या ‘नटक्रॅकर’ या बॅलेतला त्रेपाक तर जाहिरातींतून आणि कार्टूनमधून इतका कानावर पडतो की त्याला नाव असतं हेच कुणाला ठाऊक नसतं.

नाव नसण्याची ही गोष्ट भंडारदऱ्याला जास्त लागू पडते.

पुण्या-मुंबईच्या माणसाला भंडारदरा म्हणजे धरण, धुकं, रंधा धबधबा आणि आता काजवे. प्रवरेवरच्या या धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं, १९२६ मध्ये संपलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. पाणी उतरलं ते खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहात्याकडे, आणि तिथे ऊस उभा राहिला. ज्यांच्या डोंगरावर हा पाऊस पडतो ती माणसं अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला राहतात. या मुलखाला डांगाण म्हणतात. शेंडी, रतनवाडी, घाटघर, साम्रद, पांजरे ही तिथली गावं. माथ्यावर १६४६ मीटरचं कळसूबाई शिखर, पायाशी भाताची खाचरं, आणि दावणीला मुसळधार पावसातही चिखल तुडवणारा डांगी बैल. राजूरला या डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. (तिथले पेढेही प्रसिद्ध आहेत, पण तो विषय वेगळा आणि जास्त गोड.)

इथली वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर या जमातींची. देवगावचा राघोजी भांगरे इथलाच. ब्रिटिशांविरुद्ध बंड केलं म्हणून २ मे १८४८ रोजी त्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. योगायोग असा की त्याच १८४८ साली मिखाईल ग्लिंका या रशियन संगीतकाराने एक लग्नगीत आणि कामारिन्स्कायाची नाचाची चाल एकत्र गुंफून वाद्यवृंदाची रचना केली, आणि रशियन खेड्यातला ठेका पहिल्यांदाच एवढ्या दिमाखात शहरी मैफलीत जाऊन बसला. त्या खेड्यातली माणसं मात्र अजून भूदास होती. त्यांची सुटका व्हायला १८६१ उजाडायचं होतं. चालीला मैफलीत बसायला खुर्ची मिळाली, चाल नाचणाऱ्यांना जमिनीवरून हलायची मुभाही नव्हती.

डांगाणातले नाच पंचांगाने चालतात, त्यातही पावसाच्या पंचांगाने. आषाढात आवणीची घाई. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून कुणाला नाच सुचत नाही. श्रावण सरत आला, रोप धरलं, की अंगात हालचाल सुरू होते. गौरी-गणपतीच्या दिवसांत कांबडनाच रंगतो. मध्ये ढोल, भोवती गडी. एकमेकांना धरून केलेलं कडं, त्यातला पुढचा गडी पाऊल बदलतो आणि ते पाऊल कड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत सरकत जातं. गाणं आणि नाच वेगळे काढता येत नाहीत. ढोलवाला ठेका चढवतो तसे गुडघे वाकत जातात, अंग खाली येतं, मग एकदम उसळी. बायकांच्या फुगड्या आणि फेर वेगळे. पाहायला आलेला आणि नाचायला आलेला अशी वाटणी इथे नसते. जो उभा आहे तो थोड्या वेळाने कड्यात शिरणार हे धरलेलंच असतं.

दुसरा मोठा प्रसंग बोहाड्याचा. ठाणे-पालघर-नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात, विशेषतः जव्हार-मोखाड्याकडे, बोहाडा फार मोठा. घाटमाथ्यावर अकोले-इगतपुरीकडच्या गावांतही तो होतो. उन्हाळ्यात शेतं रिकामी असताना रात्रभर सोंगं निघतात. आधी गणपती, मग सरस्वती, मग रामायण-महाभारतातली आणि गावदेवांची मुखवटेधारी पात्रं, आणि पहाटेकडे देवी व राक्षसाची झुंज. संबळ आणि पिपाणी यांच्या ठेक्यावर सोंग काही पावलं पुढे, काही मागे, झुलत झुलत येतं. मुखवटा जड असतो, त्यातून दिसतं कमी, म्हणून पावलं मोजकी. पण ती मोजकी पावलं घरातल्या थोरल्याने धाकट्याला दिलेली असतात. कोणतं सोंग कोणत्या घराने घ्यायचं याचा मान ठरलेला. मुखवटा खुंटीला टांगलेला असला तरी त्याचा धनी कोण हे गावाला पाठ असतं.

मुखवट्यांचं रशियाने एकदा काय केलं ते इथे सांगायला हवं. त्या देशात स्कोमोरोख नावाचे फिरते कलावंत होते. नाचायचे, वाद्यं वाजवायचे, अस्वल खेळवायचे, मुखवटे घालून थट्टा करायचे. आपल्या बहुरूप्यांच्या आणि गोंधळ्यांच्या मधली कुठली तरी जात म्हणा. धर्मपीठाला ते खुपायचे. १६४८ मध्ये झार अलेक्सेई मिखाइलोविचने फर्मान काढलं आणि हे खेळ बंद करायला, त्यांची वाद्यं आणि मुखवटे मोडून जाळायला लावले. त्या फर्मानाच्या पावणेदोनशे वर्षं आधी अफानासी निकितीन हा त्वेरचा व्यापारी चौलला उतरून घाट चढून जुन्नरला आला होता आणि पावसाळाभर तिथे अडकून पडला होता. जुन्नर म्हणजे डांगाणाच्या दक्षिणेला, हरिश्चंद्रगडाच्या पलीकडचा मुलूख. चार महिने नुसतं पाणी आणि चिखल, अशी त्याची नोंद आहे. सह्याद्रीतला पाऊस पाहिलेल्या कुणालाही ती खरी वाटेल. त्याच्या प्रवासावर १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनी ‘परदेसी’ काढला.

गोपाकाचं मूळ झापोरोझियाच्या कोसॅक छावण्यांत सांगतात. नीपर नदीकाठचे हे घोडेस्वार लढाईहून परतल्यावर नाचायचे; नाच पुरुषांचा, उत्स्फूर्त, एकमेकांवर कडी करणारा. उड्या आणि बैठका हा तलवारबाजीचाच सराव होता, असं हल्ली आवर्जून सांगितलं जातं. १९८० च्या दशकात ल्विव्हमध्ये त्यातून ‘लढाऊ गोपाक’ नावाचा युद्धकलेचा प्रकारही उभा राहिला. कथा आकर्षक आहे, पण तिच्यावर फार भार टाकू नये. खेड्यातल्या लग्नात नाचणाऱ्याला शत्रूची गरज नसते. समोर पैजेचा गडी आणि बघणाऱ्या पोरी एवढं पुरे असतं.

खरा बदल झाला तो विसाव्या शतकात. वासिल व्हेर्खोव्हिनेत्स हा संगीतकार गावोगाव फिरून पावलं टिपत होता. कोणत्या भागात टाच कशी आपटतात, बैठकीतून कसं उठतात, फेर कुणीकडे वळतो, हे सगळं त्याने लिहून ठेवलं आणि १९१९ मध्ये युक्रेनी लोकनृत्याच्या शास्त्रावर पुस्तक काढलं. वासिल अव्रामेंको त्याच्याच परंपरेतला. तो युक्रेनी सैन्याबरोबर हरून पोलंडमधल्या कालिशच्या छावणीत नजरकैदेत पडला आणि १९२१ मध्ये त्याने त्या छावणीतच नाचाची शाळा काढली! पराभूत सैनिकांना पावलं शिकवणाऱ्या या माणसाने पुढे कॅनडा आणि अमेरिका गाठून स्थलांतरित युक्रेनी घरांतल्या मुलांना गोपाक शिकवला. आज कॅनडाच्या गहू पिकवणाऱ्या प्रांतांत शनिवारी मुलं युक्रेनी नाचाच्या वर्गाला जातात, त्याचा उगम त्या काटेरी तारांच्या आत आहे.

सोव्हिएत सरकारने दुसरा रस्ता धरला. १९३७ मध्ये मॉस्कोत इगोर मोइसेयेवने लोकनृत्याचा सरकारी ताफा उभारला. मोइसेयेव बोल्शोईत तयार झालेला नर्तक, आणि जन्माने कीव्हचा. त्याच वर्षी कीव्हमध्ये पाव्लो व्हिर्स्की आणि मिकोला बोलोतोव यांनी युक्रेनी ताफा काढला. दोघांची पद्धत जवळपास एक. गावातलं पाऊल उचलायचं, बॅलेच्या तालमीत घासून लखलखीत करायचं, वीस मिनिटांची गावंढळ मजा पाच मिनिटांच्या चढत्या रचनेत बसवायची. प्रेक्षकाच्या डोळ्यासमोर जो गोपाक येतो, म्हणजे हवेत दोन्ही पाय फाकून मारलेली उडी, रांगेने फिरणाऱ्या मुली, शेवटी सगळा मंच भरून टाकणारं वर्तुळ, तो या तालमींतून निघालेला गोपाक आहे. १९५८ मध्ये मोइसेयेवचा ताफा अमेरिकेला गेला आणि शीतयुद्ध ऐन भरात असताना तिथल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मोइसेयेव २००७ मध्ये एकशे एकाव्या वर्षी गेला, मानसन्मानांनी ओथंबून.

आणि व्हेर्खोव्हिनेत्स? १९३८ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या. सरकारी ताफे बहरत होते त्याच महिन्यांत पावलांची नोंदवही लिहिणारा माणूस ‘राष्ट्रद्रोही’ ठरला. सत्तेला गोपाक हवा होता, पण त्याचा पत्ता सांगणारा नको होता. स्टालिनच्या रात्रीच्या मेजवान्यांत स्थूल देहाच्या ख्रुश्चेव्हला गोपाक नाचायला लावत, हे ख्रुश्चेव्हनेच आठवणींत लिहिलं आहे. उकिडवं बसून टाचा फेकायच्या आणि चेहरा हसरा ठेवायचा! स्टालिन नाच म्हणाला की शहाणा माणूस नाचतो, असा त्याचा मथितार्थ.

परदेशात या सगळ्याला सरसकट ‘रशियन नाच’ म्हणायची रूढी पडली. गोपाक, त्रेपाक, मोल्दोव्हाचा एखादा नाच, सगळं एकाच पाटीखाली. युक्रेनी लोक याबद्दल पूर्वीपासून कुरबुरत होते; २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध पेटल्यापासून ती कुरबूर राहिलेली नाही, तो त्यांच्या अस्तित्वाचा मुद्दा झाला आहे. त्या वेळी युक्रेनमधून ‘ऑपरेशन गंगा’ या सरकारी मोहिमेतून परतलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांत मराठी मुलं-मुली पुष्कळ होत्या. त्यांच्यापुढे गोपाकाला रशियन म्हणून पाहावं.

भारताने मंचाची ही पद्धत पाहिली आणि बऱ्याच अंशी उचलली. १९४३ मध्ये मुंबईत लोकनाट्याची चळवळ चालवणारी ‘इप्टा’ स्थापन झाली, अंधेरीतल्या तिच्या मध्यवर्ती पथकात शांती बर्धन यांनी प्रांतोप्रांतीच्या लोकनाचांतून नृत्यनाट्यं बसवली. त्या चळवळीच्या लोकांची नजर सोव्हिएत प्रयोगांकडे होती, यात लपवण्यासारखं काही नाही. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. वारल्यांच्या लढ्यावरच्या गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ला साहित्य अकादमीबरोबर सोव्हिएत लँड नेहरू पुरस्कारही मिळाला. स्वातंत्र्यानंतर प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने दिल्लीत लोकनृत्यांचे महोत्सव सुरू झाले आणि आदिवासी पथकं राजधानीत नाचू लागली. १९८७-८८ मध्ये भारतात सोव्हिएत महोत्सव झाला, तेव्हा पाहुण्यांचे आणि आपले लोकनाच जवळजवळ एकाच साच्यातून निघालेले दिसावेत, यात नवल नव्हतं.

ठाकरांचा ढोल बहुसंख्य मराठी घरांत पोचला तो ‘जैत रे जैत’मधून. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, ना. धों. महानोरांची गाणी, वर्ष १९७७. त्या चित्रपटातला मुलूख कर्नाळ्याचा, म्हणजे कोकणातला. पण नायक ढोल वाजवणारा नाग्या आहे, आणि ढोल वाजवणारा माणूस गोष्टीचा नायक होऊ शकतो हे शहरी प्रेक्षकाने तेव्हा पाहिलं. चित्रपट उत्तम होता. त्याच्या यशानंतर ‘ठाकरगीत’ हा शाळांच्या स्नेहसंमेलनांतला हमखास टाळ्यांचा प्रकार झाला. गुडघ्यापर्यंत नेसलेली लुगडी, पाठीमागे गाण्याची ध्वनिफीत. ढोल मात्र कुणीच वाजवत नसे.

आता भंडारदऱ्याकडे परत. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांसाठी इथे गाड्यांची रांग लागते. पावसाळ्यात धबधब्यांसाठी लागते. राहण्याच्या ठिकाणी संध्याकाळी काही कार्यक्रम हवा असतो, आणि स्थानिक पथक बोलावलं जातं. जागतिक आदिवासी दिन ९ ऑगस्टला असतो. तेव्हाही पथकं उतरतात. यात वाईट काही नाही. बिदागी मिळते, आणि डांगाणात रोख पैशाची गरज कुणाला नाही? भात निघाला की इथले कितीतरी लोक नारायणगाव, जुन्नर, ओतूरच्या बागायतीत मजुरीला जातात, नारायणगावच्या मजूर बाजारात पहाटे उभे राहतात. तेच नारायणगाव तमाशाची पंढरी. तिथल्या मातीत विठाबाईंचं नाव आजही आदराने घेतात. हा सगळा प्रवास होत असताना गावात कडं धरायला गडी कमी पडतात, आणि नाचाला पहिला धोका पोहोचतो तो इथे, मंचावर नंतर.

मंचाचा दोष वेगळा आहे. रात्रभराचा नाच दहा मिनिटांत बसवावा लागतो. गौरीचा नाच काजव्यांच्या हंगामात आणि बोहाड्याचं सोंग भर पावसाळ्यात येतं. अर्धगोल कडं प्रेक्षकाकडे तोंड करून उघडावं लागतं, म्हणजे ढोलवाला मधून उचलून कडेला जातो. वरवर पाहता ही क्षुल्लक गोष्ट. पण कांबडनाचात पाऊल ढोलवाल्याच्या नजरेवर बदलतं. तो कडेला गेला की पावलं आधीच ठरवून ठेवावी लागतात, आणि मोइसेयेवची शिस्त न बोलावता हजर होते. ती शिस्त मोइसेयेवकडे होती, रोजच्या तालमीसकट आणि पगारासकट. इथे शिस्त मागितली जाते, तालमीचे पैसे दिले जात नाहीत.

सर्वांत मोठी खोट पत्रकावर असते. कार्यक्रमाच्या फलकावर बहुधा एवढंच छापलेलं असतं : ‘आदिवासी नृत्य’. कोणती जमात, कोणतं गाव, कोणता नाच, ढोलवर कोण, काही नाही. वारल्यांचा तारपा आणि ठाकरांचा कांबड एकाच पाटीखाली. गोपाकाला ‘रशियन’ म्हणण्यातला अन्याय आपल्याला चटकन कळतो, कारण तो लांबचा आहे. महादेव कोळी समाजातूनच आलेले डॉ. गोविंद गारे यांनी सह्याद्रीतल्या आपल्या जमातीवर तपशीलवार लिहून ठेवलं आहे. पुण्यात १९६२ पासून आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, राजूरला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. माहिती मिळवायला कालिशच्या छावणीत जावं लागत नाही.

नाव लिहिल्याने काय होतं, याचं उत्तर याच तालुक्यात आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचं बियाणं घरात जपलं. वाल, भात, भाज्या, प्रत्येक वाणाचं नाव आणि गुण त्यांना तोंडपाठ. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बियांना ‘आदिवासी बियाणं’ अशी एकच चिठ्ठी लावून कुणी विकलं असतं, तर कोंभाळणं कुठे आहे हे आज कुणाला कळलं नसतं. बाईचं नाव आणि गावाचं नाव लागलं म्हणून माणसं तिथवर जातात, विचारतात, शिकतात. ढोल वाजवणाऱ्याला हे का लागू नसावं?

तेव्हा भंडारदऱ्याला महोत्सव भरवणाऱ्यांना आणि संध्याकाळचे कार्यक्रम ठेवणाऱ्यांना एक सोपं काम सुचवता येईल. फलकावर नाचाचं नाव, जमात, गाव आणि ढोलवाल्याचं व म्होरक्याचं पूर्ण नाव छापा. ढोल मध्ये ठेवा आणि खुर्च्या भोवताली मांडा. तालमीचा दिवसही बिदागीत धरा. आणि वाचकहो, या दिवाळीत तिकडे जाणार असाल तर वसूबारसेच्या दिवशी डांगाणात वाघबारस असते, वाघोबाची पूजा होते. त्या दिवशी गावात काय असतं ते गावकऱ्यांना विचारून, परवानगीने पाहा. कांबड पाहायचा असेल तर भाद्रपदात या, बोहाडा पाहायचा असेल तर उन्हाळ्यात, आणि परतताना ढोल कुणी वाजवला ते विचारून नाव लिहून घ्या.